व्याह्यांची सोमवारची पेटी

घेणाऱ्यांचा जाच सगळ्यांनीच सोसलेला असतो. पण देणाऱ्याचा जाच काय असतो हे ज्याला समजून घ्यायचं असेल, त्याने आमच्या व्याह्यांच्या तावडीत सापडायला हवं होतं. व्याही म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे सासरे. खरं तर ते व्याही माझ्या आईचे. मी त्यांना काका म्हणायला कुणाचीच हरकत नव्हती. पण अठ्ठ्याण्णव साली दादाच्या लग्नात आईने "व्याही इले, व्याही बसले, व्याह्यांका च्याय दिलास काय रे?" असा जो धोशा लावला, त्यात त्यांचं नाव हरवलं ते कायमचंच. आधी ते आमच्या घरात व्याही झाले, मग आळीत झाले, आणि वर्षभरात मालवणच्या बाजारात मासे विकणारी शेवंतासुद्धा त्यांना "ओ व्याहीनू" म्हणून हाका मारू लागली. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "माका चेडू एकच," ते लेकीबद्दल म्हणायचे, "पण व्याही मी सगळ्या मालवणचो."

त्यांचं गाव कट्ट्याच्याही पुढे, आत. थोडी भातशेती, डोंगराच्या उताराला काजू, विहिरीच्या अंगाला भाजीचा मळा आणि हापूसची मोजकी कलमं. लग्नानंतरच्या वर्षी धुक्याने मोहर करपला आणि कलमांनी हात वर केले. दुसरा कुणी असता तर त्याने आभाळाला शिव्या घातल्या असत्या. व्याह्यांना आंब्यांचं दुःख नव्हतं, पेट्यांचं होतं. जामसंड्याहून त्यांनी आंब्याच्या लाकडी पेट्या आधीच आणून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक पेटीवर लाल रंगात 'देवगड हापूस' असं छापलेलं होतं. पेटी आणायची आणि रिकामी ठेवायची हे त्यांना बघवेना. मग त्यांनी मळ्यात जे होतं ते, म्हणजे लाल माठ, वाली, वांगी, फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या, अगदी हापूस भरावा तसं गवताच्या थरात भरलं, वर फळ्या ठोकल्या आणि सकाळच्या एस.टी.ने पेट्या घेऊन ते मालवणात उतरले. त्या दिवशी सोमवार होता. तेव्हापासून कितीतरी वर्षं, दर सोमवारी, आमच्या ओळखीपाळखीच्या आठ-दहा घरांत व्याह्यांची पेटी येत राहिली. लोक त्याचे पैसेही देत, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सोमवारच का, याचं त्यांच्याकडे शास्त्र होतं. मालवणात भाजी ही माशांच्या गैरहजेरीत खायची वस्तू. तीही बेळगावहून ट्रकात बसून घाट उतरून येते. "सोमवारी माणूस शिवराक असता," ते मला समजावत, "तेवा तेचा मन मऊ असता. आयतवारी तेका पडवळ दाखवशीत तर तो तुका गाळी घालतलो." शिवराक म्हणजे शाकाहारी. त्या एका दिवसाच्या मऊपणावर त्यांनी आपला सगळा मळा उभा केला होता.

माझं तेव्हा बाजाराच्या वळणावर एस.टी.डी. बूथ होतं. कंडक्टर दारातच पेट्या उतरवून देई आणि फोन लागेपर्यंत गिऱ्हाइकाने बसावं म्हणून ठेवलेल्या स्टुलावर व्याही ठाण मांडत. अंगात पांढरा हाफ शर्ट, त्याच्या खिशात कायम कसल्यातरी शेंगा. शेवटची पेटी जाईपर्यंत ते हलत नसत आणि गप्पही बसत नसत. काचेच्या खोलीत कुणी मुंबईला मुलाशी बोलत असला की हे बाहेरून काचेवर टकटक करून ओरडत, "तेका सांग, हय कणगी इली म्हणान! थंय मेळणत नाय तेका!" एकदा एक बाई नवऱ्याशी फोनवर रडत भांडत होती. व्याह्यांनी दार किलकिलं करून आत एक काकडी दिली. बाईने ती घेतली, आणि भांडण तिथेच संपलं. पुढे ती आपणहून पेटीचं गिऱ्हाईक झाली.

पेटीत काय येणार हे विचारायचं नाही, हा पहिला नियम. जे पिकलं ते येणार. कुणी टोमॅटो मागितले तर, "टोमॅटो घाटार पिकतत. घाटार जा," असं उत्तर मिळे. पावसाळ्यात टाकळा आणि कुड्याच्या शेंगा, मग भेंडी, दोडकी, थंडीत कणगी आणि करांदे हे कंद, मुळे, वाल, उन्हाळ्यात ओले काजू आणि रातांबे, असं वर्षाचं चक्र त्या पेटीतून आमच्या घरात फिरायचं. कॅलेंडर न बघता मी पेटीवरून महिना सांगू शकत असे. पण एका श्रावणात सलग चार सोमवार पेटीत पडवळच पडवळ आलं, तेव्हा लोकांनी बंड केलं. कापडदुकानदारांची बायको तर सरळ बूथवर येऊन म्हणाली, "व्याहीनू, पडवळाचो आता कंटाळो इलो हां." व्याह्यांना ते फार लागलं. ते म्हणाले, "तुमका पडवळाचो कंटाळो इलो. पण पडवळाक तुमचो इलो काय? येता मां बिचारा दर सोमवारी?" बाईंनी मुकाट्याने पेटी उचलली.

दुसरा नियम, पेटीतलं सगळं सांगितलेल्या पद्धतीने शिजलं पाहिजे. पुढच्या सोमवारी उलटतपासणी व्हायची. अळवात आमसूल घातलंत का, फणसाची कुयरी कापताना विळीला तेल लावलंत का, टाकळ्यात खोबरं किती. खोबऱ्याच्या बाबतीत काटकसर करणाऱ्या एका घराची पेटी त्यांनी एक आठवडा बंद ठेवली होती. घरातल्या यजमानांनी बूथवर येऊन माफी मागितली, तेव्हा ती सुरू झाली.

आणि पेटीवरचे ते 'देवगड हापूस'! त्यातून एकदा मोठाच घोटाळा झाला. ऐन एप्रिलमध्ये एका कंत्राटदाराने माझ्या बूथवर पेटी बघितली. त्याला ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीतल्या कुणा साहेबांना खूश करायचं होतं. व्याही समोरच्या हॉटेलात चहाला गेले होते. त्याने मला 'व्याह्यांशी बोलतो मी' असं सांगितलं आणि पेटी गाडीत टाकून नेली. साहेबांनी म्हणे बायकामुलांना भोवती बसवून समारंभाने फळ्या काढल्या आणि गवतातून सुरण निघाला. कंत्राटदार दुसऱ्या दिवशी तणतणत आला. व्याही शांतपणे म्हणाले, "साहेबांक सांगा, खाज सुटली तर चिंच खावा." त्या कंत्राटदाराचं काम झालं की नाही कोण जाणे, पण साहेबांच्या बायकोने पुढे सुरण आणखी मिळेल का, असा निरोप पाठवला होता हे खरं.

आता तिसरा नियम, आणि आमच्या घराचं सगळं गाऱ्हाणं या नियमात आहे. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. पेटीही भांडंच, असं व्याह्यांचं म्हणणं. त्यामुळे सोमवारी भरलेली पेटी घेताना मागच्या सोमवारची परत द्यायची, आणि तीत काहीतरी असलं पाहिजे. शेवंता सुके बांगडे नाहीतर गोलमो, म्हणजे सुकी बारीक कोलंबी, घाली, कापडदुकानदार काडेपेट्या, कुणी गुळाचा खडा, कुणी चहाची पुडी. सगळ्यांचं व्याही आनंदाने घेत. आमचं मात्र घेत नसत. कारण आमचं घर म्हणजे त्यांच्या मुलीचं सासर, आणि मुलीच्या घरचं अन्न सोडाच, पाणीही घ्यायचं नाही ही जुनी रीत. वहिनी दादाबरोबर मुंबईला असे, वर्षातून दोनदा घरी येई. पण उंबरठा तिच्या सासरचा तो सासरचाच. व्याही बूथवर बसत, पण बूथच्या मागे लागून असलेल्या आमच्या घरात कधी पाऊल ठेवत नसत. दादाला मुलगी झाली, तेव्हा आईने मोठ्या हौसेने निरोप पाठवला, की नात झाली, आता रीत सुटली, एक दिवस पाटावर बसून जेवून जा. व्याह्यांचा उलट निरोप आला, "रीत सुटली, पण सवय सुटाची नाय."

आई हट्टाला पेटली. ती आणि व्याही एकमेकांशी थेट कधी बोलत नसत; दोघांच्या मधे मी. "विचार तेंका, पेटी रिकामी धाडूची काय?" "सांग तेंका, रिकामी नको." "विचार तेंका, मगे लाडू घालू?" "सांग तेंका, लाडू चलना नाय." पुष्कळ वेळ हे चाललं. शेवटी व्याही जरा विचार करून म्हणाले, "इचार तेंका, चुलीतली राख आसा काय?" राख अन्न नव्हे, पैसा नव्हे, भेट नव्हे; पण वेलावर किडा पडला की मारायला आणि बी राखायला त्यासारखं दुसरं काही नाही. अशा तऱ्हेने दोन रीतींच्या मधून वाट निघाली. सगळ्या घरांतून सुके मासे आणि गूळ, आणि सख्ख्या विहिणीकडून पेटीभर राख. आईला आधी हा अपमान वाटला. मग तिने त्यातही जीव ओतला. राख चाळून, खडे काढून, कागदात बांधून ती पेटीत ठेवू लागली. पुढे आमच्याकडे गॅस आला, तरी परसातली चूल तिने विझू दिली नाही. पाणी तापवायला म्हणे. पण घरात गिझर होता.

ती राख कुठे जाते हे मला एकदा त्यांच्या गावी गेलो तेव्हा कळलं. मळ्याच्या कडेला मांडवावर तवशाचा वेल होता. तवसं म्हणजे आमची पावसाळ्यातली मोठी, जाड सालीची काकडी. व्याह्यांची बायको आरोंद्याची. लग्न होऊन आली तेव्हा माहेरून तिने या तवशाचं बी ओटीत बांधून आणलेलं. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. दर पावसाळ्यात वेलावरचं सगळ्यात देखणं तवसं निवडून व्याही त्याच्या देठाला तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधत. ते बियाण्याचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. पिकून तांबूस झालं की ते कापायचं, बिया राखेत घोळून स्वयंपाकघराच्या भिंतीला थापून ठेवायच्या, आणि पुढच्या मिरगाला, म्हणजे मृगाच्या पावसाला, पेरायच्या. "ही बी वर्सापेक्षा जास्ती ऱ्हवणा नाय," ते मला म्हणाले. "एक वर्स चुकला की ती गेली." ती म्हणजे बी असं मी समजलो. परत येताना एस.टी.त बसल्यावर मला वाटलं, की त्यांना तेवढंच म्हणायचं नसावं.

त्या तवशाच्या गोडीबद्दल मी काय सांगू? बाकी पेटीत पडवळ असो की सुरण, तवशाच्या दिवसांत आमची आई व्याह्यांचे सगळे अपराध माफ करायची.

मग हळूहळू काहीतरी बिघडत गेलं. आधी आम्ही हसलो, कारण व्याही म्हटलं की हसायचंच अशी सवय झाली होती. एका सोमवारी पेटीत नुसतं गवत निघालं. दुसऱ्यांदा कापडदुकानदारांना दोन पेट्या आणि शेवंताला एकही नाही. एकदा तर ते बुधवारी आले. बाजारात सुरमई, पापलेट, बांगड्यांचे ढीग, बायकांचा कलकलाट, आणि माझ्या बूथच्या दारात व्याही भाजीच्या पेट्या रचून गिऱ्हाइकांची वाट बघत बसलेले. "आज सगळी खंय गेली रे?" ते मला परत परत विचारत होते. मला सांगवेना. शेवटी शेवंता डोक्यावरची टोपली उतरवून त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "व्याहीनू, आज बुधवार. पण माका भाजी व्हयी. द्या माझी पेटी." मासे विकता विकता तिने चार बायकांना दम देऊन बाकीच्या पेट्याही खपवल्या. त्या दिवशी मालवणात बऱ्याच घरांत सुरमईच्या तिकल्याबरोबर लाल माठ शिजला असणार.

त्याच वर्षी गणपतीच्या आधीच्या सोमवारी माटवीची पेटी आली. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायची लाकडी चौकट. रानातली आणि मळ्यातली फळं तिला टांगतात. आई एकेक वस्तू काढत होती: नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, कवंडळं. आणि मग ती एकदम थांबली. तळाच्या गवतात एक भलंमोठं तवसं होतं, अजून हिरवटच, आणि त्याच्या देठाला हिरवी चिंधी.

"अगो बाय माझे," आई म्हणाली. "ह्या तर बियेचा."

ज्या तवशाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, ते त्यांनी स्वतःच तोडून आम्हांला पाठवलं होतं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. मला त्या क्षणी फार भीती वाटली. त्यांच्या गवताच्या पेटीला आम्ही हसलो होतो. आईने ते माटवीला टांगलं नाही. सुंभाचं शिंकं करून स्वयंपाकघरात आढ्याला टांगलं. "वेलार नाय तर हय पिकांदे," म्हणाली. रोज सकाळी उठून ती आधी त्याच्याकडे बघायची. दसरा झाला तोवर ते तांबूस झालं. दरम्यान व्याह्यांच्या पेट्या यायच्या बंद झाल्या होत्या. त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, तर "ते घराकडेच आसत, पण हल्ली बाजारात सोडणव नाय तेंका" असं कळलं. मग आईने पेटी काढली, तळाला चाळलेली राख ठेवली, राखेवर ते तवसं ठेवलं आणि मला एस.टी.त बसवलं.

व्याही घरापुढच्या खळ्यात बसले होते. मला ओळखलं, निदान तसं वाटलं. पेटी उघडली, राख बघून मान डोलावली, आणि तवसं दोन्ही हातांत घेतलं. त्यांचा चेहरा उजळला.

"कोणाचा रे ह्या? फर्मास आसा! बियाक ठेवा हां ह्या."

"व्याहीनू, ह्या तुमचाच," मी म्हटलं. "वयनीच्या आवशीचा. आरोंद्याचा."

त्यांनी देठाची चिंधी बोटांत धरली, उलटसुलट करून बघितली. "ह्या लुगडा माका वळखीचा दिसता," ते म्हणाले. मला वाटलं, आठवलं. पण त्यांनी विचारलं, "खंयसून हाडलंस तू ह्या?"

"आमच्या घराकडसून."

"तुज्या घरात माझा चेडू दिला मां?"

"होय."

"मगे माका चलना नाय," ते म्हणाले आणि तवसं अलगद माझ्या मांडीवर ठेवलं. "लेकीच्या घरचा फळ मी घेणंय नाय."

मी खूप सांगून बघितलं. त्यांना बायको आठवत नव्हती, वेल आठवत नव्हता, सोमवार आठवत नव्हता. रीत तेवढी आठवत होती. राख मात्र त्यांनी ठेवून घेतली. मी रिकामी पेटी उचलायला लागलो तर मला अडवलं, तवसं परत तिच्यात ठेवलं आणि म्हणाले, "पेटी रिकामी धाडूची नसता." मी ते घेऊन परत आलो. वाटेत बाजूच्या माणसाने पेटीवरची अक्षरं वाचून, ऑक्टोबरात हापूस कसा, असं विचारलं. मी पेटी मांडीवर ओढून घेतली.

पुढच्याच महिन्यात वहिनी येऊन त्यांना मुंबईला घेऊन गेली. मला काळजी होती ती एकच, की लेकीच्या घरी ते जेवतील कसे. वहिनीने फोनवर सांगितलं, की पहिले दोन दिवस त्यांनी पाण्यालाही हात लावला नाही. ताटावर बसवलं की विचारायचे, "ह्या कोणाचा घर?" तिसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं, "बाबानू, तुमचाच." मग जेवले. त्यानंतर रोज दोन्ही वेळा हाच प्रश्न आणि हेच उत्तर. मिरग निघायच्या आधीच ते गेले.

माझ्या बूथचं आता मोबाइल रिचार्जचं दुकान झालंय. स्टूल आहे, पण फोन लागायची वाट बघत कुणी बसत नाही. सोमवारी बेळगावची भाजी खातो. त्या तवशाच्या बिया आईने त्याच वर्षी राखेत घोळून भिंतीला थापल्या होत्या आणि मिरगाला परसात कुंपणाच्या कडेने लावल्या. समुद्र जवळ, माती वाळूची, खारी. बहुतेक बिया उगवल्याच नाहीत. एक वेल आला. त्याला फुलं खंडीभर, आणि तवसं एकच धरलं. एकच म्हटल्यावर ते बियाण्याला ठेवणं भाग होतं. दुसऱ्या वर्षीही एकच. यंदाही एकच. दर वर्षी आई त्याला तीच हिरवी चिंधी बांधते, पिकवते, बिया काढून राखेत ठेवते. बी जगलंय, पण व्याही गेल्यापासून ते तवसं आमच्यापैकी कुणी चाखलेलं नाही. पिकून जून झालेला गर आंबट लागतो, तो आई वेलाच्याच मुळाशी घालते.

परवा मला राहवलं नाही. कोवळं, लुसलुशीत तवसं पानाआड लोंबत होतं. आई चिंधी घेऊन वाकली होती. मी म्हटलं, "आये, एकदा कापया. चव तरी बघया. व्याह्यांकाय बरा वाटात."

आई चिंधी बांधत राहिली.  मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "इतकी वर्सां आमी तेंच्या हातचा खाल्ला. आणि तेंनी आमच्या घरातसून काय नेल्यानी? राख."